अमेरिकेतील चर्चची करमाफी राहावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत चर्चना कर भरावा लागत नाही, ही गोष्ट एरवी कोणाच्या फारशी ध्यानीमनी नसते. दूरचित्रवाणीवरच्या एखाद्या धर्मोपदेशकाने नवे विमान घेतले, किंवा निवडणुकीच्या तोंडावर एखाद्या पाद्रीबुवांनी प्रवचनात उमेदवाराचे नाव घेतले, की "यांच्यावर कर लावा" ही मागणी जोर धरते आणि काही दिवसांनी विरून जाते. न्यू जर्सीत हिशेबनिसाचे काम करता करता मी आधी एका मराठी मंडळाचा आणि मग एका देवळाचा खजिनदार झालो, त्यामुळे हे प्रश्न मला सभेत, महाप्रसादाच्या रांगेत आणि हमखास एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. माझे मत मी लपवलेले नाही: करमाफी राहावी, पण तिच्या आडून चर्चना मिळालेली हिशेब न दाखवण्याची मुभा जावी.

चर्चना कर नाही, म्हणजे नेमके कोणते कर नाहीत?

मुख्यतः तीन. केंद्रीय आयकर कायद्याच्या कलम ५०१(सी)(३) नुसार धार्मिक, शैक्षणिक आणि धर्मादाय संस्थांच्या उत्पन्नावर आयकर लागत नाही. पन्नासही राज्यांत प्रार्थनास्थळाच्या जागेवर स्थानिक मालमत्ता कर आकारला जात नाही. बहुतेक राज्ये आपापल्या नियमांप्रमाणे चर्चच्या खरेदीवर विक्रीकरातही सूट देतात. याखेरीज दात्याला आपल्या करपात्र उत्पन्नातून देणगीची वजावट मिळते, आणि संस्थेच्या दृष्टीने हा लाभ अनेकदा स्वतःच्या करमाफीहून मोठा असतो.

चर्चमध्ये नोकरी करणाऱ्याचा पगार मात्र करमुक्त नसतो. कार्यालयातील कारकून, सफाई कामगार, संगीत शिकवणाऱ्या बाई, सगळे इतरांसारखाच आयकर भरतात. चर्चने धर्माशी संबंध नसलेला नियमित व्यवसाय चालवला, तर त्याच्या नफ्यावर १९६९ च्या कर सुधारणा कायद्यापासून चर्चलाही कर भरावा लागतो. सध्या तो २१ टक्के आहे आणि त्यासाठी फॉर्म ९९०-टी भरावा लागतो. म्हणजे "चर्चना काहीच कर नाही" हे वाक्य ऐकायला सोपे असले, तरी पूर्ण खरे नाही.

'चर्च' या शब्दात देऊळ, मशीद, गुरुद्वारा येतात का?

येतात. आयआरएस, म्हणजे तेथील आयकर खाते, हा शब्द सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांसाठी वापरते. कायद्यात व्याख्या नाही, पण खात्याने चौदा निकष ठरवले आहेत: स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व, मान्य उपासनापद्धती, नेमाने जमणारा भक्तसमुदाय, दीक्षित धर्मगुरू, मुलांसाठी धर्मशिक्षणाचे वर्ग वगैरे. सगळे निकष पूर्ण व्हावे लागत नाहीत. निकष वाचताना ते रविवारच्या प्रोटेस्टंट चर्चकडे पाहून लिहिलेले आहेत हे लगेच जाणवते. आपल्या देवळात रोज सकाळी दर्शन घेऊन निघून जाणाऱ्या भक्ताला 'नेमाने जमणारा समुदाय' म्हणावे का, यावर आमच्या विश्वस्तांनी एकदा अख्खी संध्याकाळ घालवली होती.

आमचे मराठी मंडळही ५०१(सी)(३) आहे. मग मंडळाला दरवर्षी कागद भरावे लागतात आणि देवळाला नाही, असे का?

सगळ्या वादाची मेख येथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मंडळ ही सांस्कृतिक संस्था आहे. तिला करमाफीसाठी अर्ज करावा लागतो, शुल्क भरावे लागते आणि नंतर दरवर्षी फॉर्म ९९० च्या मालिकेतले विवरणपत्र द्यावे लागते. वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर छोटे ई-पत्र पुरते, पण जमा दोन लाखांवर गेली की पूर्ण फॉर्म भरावा लागतो. त्यात पदाधिकाऱ्यांची नावे, त्यांना दिलेले मानधन, कार्यक्रमांवरचा खर्च, शिल्लक असे सगळे येते आणि हे विवरणपत्र कोणालाही पाहायला खुले असते. गणेशोत्सवाला मखर किती डॉलरचे होते, हे सरकारला थेट कळत नसले तरी त्या खर्चाचा आकडा कोणत्या ओळीत गेला ते मात्र कळते. सलग तीन वर्षे विवरणपत्र चुकले, तर करमाफी आपोआप रद्द होते. माझ्या परिचयाच्या एका मंडळाचे असेच झाले. जुना खजिनदार दुसऱ्या राज्यात गेला, नव्याला कोणी सांगितले नाही, आणि एका दात्याने खात्याच्या यादीत नाव शोधले तेव्हा ते सापडेना. पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क, आणि वार्षिक सभेत दोन तास कडाक्याचे भांडण.

देवळाला यातले काहीच लागू नाही. कायद्याने चर्चला अर्जही करावा लागत नाही. ती निकषांत बसली की करमाफी आपसूकच मिळते. वार्षिक विवरणपत्रातूनही तिला सूट आहे. मी दोन्हीकडे खजिनदार होतो तेव्हा देवळाची वार्षिक जमा मंडळाच्या कितीतरी पट होती. तरीही जानेवारीत स्वयंपाकघरातल्या टेबलावर रात्री बारापर्यंत पावत्या पसरून मी बसायचो ते मंडळासाठी. देवळासाठी माझे मुख्य काम होते २५० डॉलर किंवा अधिक देणाऱ्या प्रत्येक दात्याला पत्र पाठवणे, ज्यात देणगीच्या बदल्यात "अमूर्त धार्मिक लाभाखेरीज" काहीही दिलेले नाही, असे कायद्याला अपेक्षित असलेले वाक्य लिहावे लागते. हे वाक्य मला फार आवडायचे. सत्यनारायणाच्या पूजेचे फळ काय, या प्रश्नाला अमेरिकेच्या करकायद्याने दिलेले ते उत्तर आहे.

ही सवलत आली कुठून?

वसाहतींच्या काळापासून. इंग्लंडमधून आलेल्या वसाहतींत चर्चच्या जागेवर कर न लावण्याची रूढी होती आणि स्वातंत्र्यानंतर राज्यांनी ती तशीच चालवली. १८९४ च्या आयकर कायद्यात धार्मिक आणि धर्मादाय संस्थांना सूट होती, १९१३ च्या कायद्यातही होती, आणि १९१७ मध्ये दात्यांना वजावट मिळू लागली. या सवलतीच्या बाजूने मोठी वैचारिक लढाई झाली आणि मग ती मिळाली, असे काही घडलेले नाही.

विरोध मात्र जुना आहे, आणि तो फक्त नास्तिकांचा नाही. १८७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात दाखवून दिले की, करमुक्त चर्च-मालमत्ता १८५० मध्ये सुमारे ८ कोटी ३० लाख डॉलरची होती आणि पंचवीस वर्षांत ती सुमारे १ अब्ज डॉलरवर पोहोचली. एवढी संपत्ती कर न भरता साठत गेली तर पुढे गंभीर प्रसंग ओढवेल, असा त्यांचा इशारा होता. दफनभूमी आणि मर्यादित प्रमाणात प्रार्थनास्थळे सोडून बाकी मालमत्तेवर कर लावावा, असे त्यांनी सुचवले. सूचना कागदावरच राहिली.

शासन आणि धर्म वेगळे ठेवायचे असे घटना म्हणते. मग ही माफी घटनाबाह्य नाही का?

न्यूयॉर्कचे एक वकील फ्रेडरिक वॉल्झ यांनी हाच प्रश्न न्यायालयात नेला. स्टेटन आयलंडवर त्यांचा एक चिमुकला भूखंड होता, ज्याचा वर्षाचा कर जेमतेम पाच डॉलर होता. चर्चना माफी दिल्यामुळे त्यांचा वाटा मला भरावा लागतो, म्हणजे मला धर्माला वर्गणी देण्याची सक्ती होते, असे त्यांचे म्हणणे होते. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध एक मतांनी त्यांचे म्हणणे फेटाळले. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांचा युक्तिवाद असा की, माफी दिल्याने शासन आणि धर्म यांचा संबंध कमीच येतो. कर लावला तर मूल्यांकन, थकबाकी, जप्ती, लिलाव या सगळ्यांतून सरकारचा हात थेट चर्चच्या दारापर्यंत पोहोचतो. शिवाय ही माफी एकट्या धर्माला नाही. रुग्णालये, ग्रंथालये, शाळा या सगळ्यांबरोबर चर्चला मिळते.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण १९८९ मध्ये टेक्सासने फक्त धार्मिक नियतकालिकांना विक्रीकरातून सूट दिली तेव्हा तेच न्यायालय ती रद्द करून मोकळे झाले. सर्वांबरोबर मिळणारी सवलत चालते, पण एकट्या धर्माला दिलेली चालत नाही. आता हीच फूटपट्टी विवरणपत्राच्या सुटीला लावून पाहा. ती मंडळाला नाही, अनाथाश्रमाला नाही, ग्रंथालयाला नाही. ती चर्चला आणि तिच्याशी निगडित काही मोजक्या संस्थांनाच आहे. करमाफीच्या समर्थनार्थ दिलेला युक्तिवाद या सुटीला लागू पडत नाही, असे मला वाटते.

कर माफ करणे म्हणजे अनुदानच नव्हे का?

हिशेबाच्या दृष्टीने पाहिले तर हो. १९८३ मध्ये एका वेगळ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच म्हटले की, करमाफी आणि वजावट हे अनुदानाचेच प्रकार आहेत. तरीही एक फरक उरतो. अनुदानात सरकार एकाच्या खिशातून काढून दुसऱ्याला देते. माफीत ते फक्त हात आखडता घेते. ज्याच्या शेजारी मोठे चर्च आहे आणि ज्याला त्यामुळे मालमत्ता कर जास्त बसतो, त्या घरमालकाला हा फरक सांगून पाहावा. तो हसेल.

चर्चवर आयकर लावला तर तिजोरीत किती भर पडेल?

लोकांना वाटते त्याहून पुष्कळ कमी. २०१२ मध्ये समाजशास्त्रज्ञ रायन क्रॅगन आणि सहकाऱ्यांनी धर्माला मिळणाऱ्या सर्व सवलतींची किंमत वर्षाला सुमारे ७१ अब्ज डॉलर मांडली आणि तो आकडा तेव्हापासून सर्वत्र फिरतो. पण ज्या संस्था विवरणपत्रच भरत नाहीत त्यांच्या उत्पन्नाचा कोणताही आकडा अंदाजच असणार. शिवाय त्या बेरजेत मालमत्ता कर, देणग्यांची वजावट, धर्मगुरूंची सवलत असे निरनिराळ्या जातीचे आकडे एकत्र आहेत.

आयकर बसतो तो खर्च वजा जाऊन उरलेल्या रकमेवर. साधारण चर्चमध्ये पगार, इमारतीचे कर्ज आणि हिवाळ्यातले गॅसचे बिल भागवून फारसे काही उरत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, स्वखुशीने दिलेली देणगी ही घेणाऱ्याच्या दृष्टीने भेट असते, आणि भेट हे करपात्र उत्पन्न धरले जात नाही. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथील एका चर्चने १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांना मत देऊ नका अशा पानभर जाहिराती दोन राष्ट्रीय दैनिकांत दिल्या, म्हणून आयआरएसने तिची करमाफीची मान्यता काढून घेतली. चर्च न्यायालयात गेले आणि २००० मध्ये हरले. पण निकाल देताना न्यायालयाने असेही म्हटले की, मान्यता गेल्याचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा प्रतीकात्मकच अधिक असेल, कारण मिळालेल्या देणग्यांवर कर बसण्याचे कारण नाही.

खरा पैसा आहे तो मालमत्ता करात, आणि तो वॉशिंग्टनकडे जात नाही. तो गावाकडे, शाळांकडे आणि अग्निशमन दलाकडे जातो.

मग निदान मालमत्ता कर तरी लावावा की नाही?

माझे उत्तर: प्रार्थनेच्या जागेवर लावू नये. २०२० च्या एका देशव्यापी पाहणीनुसार अमेरिकेतील मध्यम आकाराच्या प्रार्थनासमुदायाची साप्ताहिक उपस्थिती ६५ माणसांची होती. आपल्याकडच्या एखाद्या वाडीतल्या भजनी मंडळापेक्षा थोडी जास्त, एवढीच. अशा समुदायाची जुनी विटांची इमारत शहराच्या मोक्याच्या कोपऱ्यावर असते, आणि बाजारभावाने तिचे मूल्यांकन झाले तर पहिल्या दोन वर्षांतच ती विकावी लागेल. दहा हजार खुर्च्यांचे सभागृह आणि स्वतःची दूरचित्रवाहिनी असलेले महाचर्च मात्र तोच कर सहज भरेल. म्हणजे ज्यांच्या रागातून ही मागणी येते ते तरतील आणि ज्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नाही ते बुडतील.

दुसरे कारण इतिहासातले आहे. कर लावण्याच्या अधिकारात नष्ट करण्याचा अधिकार दडलेला असतो, असे न्यायमूर्ती जॉन मार्शल यांनी १८१९ मध्ये लिहिले होते. त्याचा प्रत्यय पाहायचा तर १९६० सालचे अलाबामा पाहावे. नागरी हक्कांच्या चळवळीमुळे डोईजड झालेले पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर त्या राज्याने करविवरणपत्रात खोटी शपथ घेतल्याचा खटला भरला. सर्व गोऱ्या ज्यूरींनीच त्यांना निर्दोष ठरवले, हे त्या खटल्यात किती दम होता याचे प्रमाणपत्रच म्हणायचे. जी चळवळ चर्चच्या तळघरांत उभी राहिली, त्या तळघरांवर मूल्यांकनाची नोटीस पाठवण्याचा अधिकार त्याच नगरपालिकांकडे असता तर काय झाले असते, याचा विचार करून पाहावा.

प्रार्थनेशी संबंध नसलेली, भाड्याने दिलेली जागा ही वेगळी गोष्ट. तिच्यावर बहुतेक ठिकाणी कर आहेच आणि असावाही.

धर्मगुरूंना घरासाठी वेगळी सवलत मिळते म्हणतात, ते खरे आहे का?

खरे आहे, आणि माझ्या मते साऱ्या व्यवस्थेतली ही सर्वांत दुबळी कडी आहे. चर्चने धर्मगुरूला राहायला घर दिले तर त्याचे मूल्य उत्पन्नात धरले जात नाही, हे १९२१ पासून चालत आले आहे. १९५४ मध्ये त्यात रोख घरभत्त्याची भर पडली. भत्ता करमुक्त, आणि त्याच पैशातून गृहकर्जाचे जे व्याज भरले त्याची वजावट पुन्हा वेगळी. मर्यादा एवढीच की, भत्ता घराच्या वाजवी भाड्यापेक्षा जास्त नसावा, आणि ही मर्यादासुद्धा काँग्रेसने स्पष्ट शब्दांत घातली ती २००२ मध्ये, कॅलिफोर्नियातील एका प्रसिद्ध पाद्रींचा खटला गाजल्यानंतर. मोठा बंगला, मोठे भाडे, मोठी सवलत. तुटपुंज्या पगारावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या पाद्रीला यातून जे मिळते ते अगदी थोडे.

कायद्यातले शब्द 'मिनिस्टर ऑफ द गॉस्पेल' असे असले तरी सवलत रब्बींना आणि इतर धर्मांच्या गुरूंनाही लागू धरली जाते. मॅडिसन येथील 'फ्रीडम फ्रॉम रिलिजन फाउंडेशन' या संस्थेने तिला आव्हान दिले. जिल्हा न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी भत्त्याचे कलम दोनदा घटनाबाह्य ठरवले, पण २०१९ मध्ये अपील न्यायालयाने ते वैध ठरवले. घटनेत बसते म्हणून ते न्याय्य होते असे नाही. शाळेतल्या शिक्षिकेला, परिचारिकेला हा भत्ता नाही. मग पुजाऱ्याला तो का, याचे उत्तर मी आमच्या पुजारीबुवांनाही देऊ शकलो नाही. त्यांनी ते मागितलेही नाही, ही गोष्ट वेगळी.

खासगी विमाने, बंगले यांची चौकशी कोणीच करत नाही का?

करणे अवघड आहे. १९८४ च्या कायद्यानुसार एखाद्या चर्चची करचौकशी सुरू करायची तर अर्थखात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्याला तसे मानण्यास वाजवी कारण आहे हे लेखी नोंदवावे लागते. १९९८ मध्ये खात्याची फेररचना झाली आणि तो 'वरिष्ठ अधिकारी' नेमका कोण, हेच अस्पष्ट झाले. २००९ मध्ये मिनेसोटातील न्यायालयाने खात्याने नेमलेला अधिकारी पुरेसा वरिष्ठ नाही असे ठरवून एक चौकशी रोखली.

२००७ मध्ये आयोवाचे सिनेटर चार्ल्स ग्रासली यांनी दूरचित्रवाणीवरच्या सहा मोठ्या धर्मसंस्थांकडे हिशेब मागितला. ग्रासली रिपब्लिकन पक्षाचे होते, त्यामुळे हा धर्मविरोधकांचा डाव आहे असे म्हणण्याची सोय नव्हती. सहांपैकी दोनच संस्थांनी पूर्ण सहकार्य केले. २०११ मध्ये अहवाल आला, कायदा काही बदलला नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे. २०२३ मध्ये रोखे बाजाराच्या नियामकाने मॉर्मन चर्च आणि तिची गुंतवणूक संस्था एन्साइन पीक यांना मिळून ५० लाख डॉलरचा दंड केला, कारण गुंतवणुकीचा खरा आकार दिसू नये म्हणून ती तेरा कंपन्यांच्या नावांनी जाहीर केली गेली होती. दंड करकायद्याखाली झाला नाही. मोठ्या गुंतवणूकदारांनी आपले शेअर जाहीर करावेत, हा बाजाराचा साधा नियम होता. जेथे हिशेब दाखवण्याचा नियम होता तेथे गोष्ट उजेडात आली, एवढे यावरून दिसते.

मग कोणतीही संस्था स्वतःला चर्च म्हणवून घेऊ शकते का?

'सायंटॉलॉजी' या अमेरिकेतील नव्या पंथाचा करमाफीचा दर्जा १९६७ मध्ये काढून घेतला गेला आणि दीर्घ न्यायालयीन झुंजीनंतर १९९३ मध्ये परत मिळाला, हे उदाहरण सर्वांना माहीत आहे. मला त्याहून बोलके वाटते ते अलीकडचे. वॉशिंग्टनमधील 'फॅमिली रिसर्च काउन्सिल' ही धोरणांवर काम करणारी, कायदेमंडळाच्या सदस्यांवर प्रभाव टाकणारी संस्था २०२० मध्ये आयआरएसच्या दप्तरी 'चर्चचा संघ' झाली. तिचे अध्यक्ष, तिची भूमिका, तिचे काम बदलले नाही; फरक एवढाच की, वार्षिक विवरणपत्र भरण्याचे बंधन सुटले. करमाफी तिला आधीही होती. म्हणजे चर्च होण्यात आकर्षण करमाफीचे नव्हते.

प्रवचनातून उमेदवाराचा प्रचार करता येतो का?

१९५४ पासून ५०१(सी)(३) संस्थांना उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करण्यास मनाई आहे. ही दुरुस्ती टेक्सासचे सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी आणली. त्यांचा रोख आपल्या विरोधात प्रचार करणाऱ्या काही बिगरधार्मिक संस्थांवर होता आणि चर्च त्यात अनायासे सापडल्या. अंमलबजावणी मात्र क्वचितच झाली. २००८ पासून काही पाद्री ठरवून उमेदवारांविषयी प्रवचने देत आणि त्यांच्या ध्वनिफिती स्वतःच आयआरएसला पाठवत. खाते स्वस्थ राही. दुसरीकडे, पासाडिनातील 'ऑल सेंट्स' या चर्चमध्ये २००४ च्या निवडणुकीआधी युद्धविरोधी प्रवचन झाले आणि त्यावरून चौकशी २००७ पर्यंत चालली; मान्यता काढली गेली नाही.

जुलै २०२५ मध्ये आयआरएसने टेक्सासमधील एका खटल्यात न्यायालयापुढे असे मांडले की, उपासनेच्या वेळी, नेहमीच्या माध्यमांतून, आपल्याच समुदायाशी श्रद्धेच्या दृष्टीने केलेले बोलणे या मनाईत येत नाही. पाद्रीने आपल्या लोकांसमोर काय बोलावे यात सरकारने पडू नये, हे मला पटते. पण तीन गोष्टी एकत्र करून पाहा: दात्याला वजावट, संस्थेला विवरणपत्रातून सूट, आणि उमेदवाराला पाठिंबा देण्याची मोकळीक. अशा खिडकीतून राजकीय पैसा आत यायला फार हुशारी लागणार नाही.

सवलतीसाठी चर्चला काही अटीच नाहीत का?

आहेत. नफा कोणा व्यक्तीच्या खिशात जाता कामा नये, आणि सार्वजनिक धोरणाच्या मूलभूत तत्त्वांविरुद्ध वागता कामा नये. दक्षिण कॅरोलिनातील बॉब जोन्स विद्यापीठाने धर्माच्या आधारे आंतरवंशीय विवाहांवर बंदी घातली होती. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी त्याची करमाफी काढून घेणे योग्य ठरवले.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, काय पद्धत आहे?

तुलना अगदी सरळ नाही, पण बोधक आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही केवळ सार्वजनिक उपासनेसाठी वापरलेल्या इमारतींना सर्वसाधारण करातून सूट आहे, म्हणजे मालमत्तेबाबत दोन्हीकडे विचार एकच. फरक हिशेबात आहे. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली देऊळ, चर्च, अग्यारी या सगळ्यांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करावी लागते आणि तपासलेले हिशेब द्यावे लागतात. १९६१ च्या आयकर कायद्याने घातलेली अट अशी की, उत्पन्नाचा ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च व्हावा, नाहीतर साठवण्यासाठी ठरलेल्या अटी पाळाव्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या दानपेटीतील निनावी दानावर कर लागणार नाही असा निकाल दिला, कारण संस्थान धार्मिक आणि धर्मादाय अशा दोन्ही स्वरूपाचे आहे. हा वाद होऊ शकला, कारण दानपेटीत किती जमले हे कागदावर होते.

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ज्यांनी फेऱ्या मारल्या आहेत ते म्हणतील की, कागद असणे आणि तो कोणी वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्य आहे. तरीही कागद असावा.

जर्मनीत सरकारच चर्चसाठी कर गोळा करते, हे खरे का?

होय. नोंदणीकृत सदस्याच्या आयकराच्या ९ टक्के, आणि बव्हेरिया व बाडेन-वुर्टेमबर्ग येथे ८ टक्के, एवढा चर्च-कर आयकराबरोबरच घेतला जातो. नको असेल तर सदस्यत्व सोडल्याची अधिकृत नोंद करावी लागते. अमेरिकन माणसाला ही पद्धत ऐकून धक्का बसतो आणि जर्मन माणसाला अमेरिकेतली विमाने पाहून.

अमेरिकेतून गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला पैसे पाठवले तर वजावट मिळते का?

थेट पाठवले तर नाही. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीला सहसा वजावट नाही. अमेरिकेत नोंदलेल्या संस्थेमार्फत द्यायचे तर त्या पैशावर तिचे खरे नियंत्रण असावे लागते. तिने केवळ टपालपेटीचे काम केलेले चालत नाही. भारताच्या बाजूने घेणाऱ्या संस्थेला परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागू शकते, म्हणून पैसे पाठवण्याआधीच विचारावे.

कायदा बदलेपर्यंत आमच्या देवळाने काय करावे?

विवरणपत्र भरणे बंधनकारक नाही, पण त्यात असते ती माहिती प्रसिद्ध करायला कोणी अडवलेलेही नाही. इव्हँजेलिकल चर्चमधील अनेक संस्थांनी १९७९ मध्ये आर्थिक उत्तरदायित्वासाठी स्वतःची एक परिषद स्थापन केली. तिच्या सदस्यांना मागणाऱ्याला आपले हिशेब द्यावे लागतात. आमच्या देवळात मी सुचवले की, मंडळाचा फॉर्म ९९० समोर ठेवून त्याच रकान्यांत देवळाचा जमाखर्च भरावा आणि तो चपला ठेवण्याच्या जागेशेजारच्या फलकावर लावावा. एका विश्वस्तांनी विचारले, "कायद्याने लागत नाही ना, मग कशाला?" दुसऱ्या एका काकूंनी, ज्या पंधरा वर्षे दर शनिवारी महाप्रसादाची भांडी घासत आल्या आहेत, शांतपणे विचारले, "मागच्या वर्षी छताच्या दुरुस्तीसाठी वेगळी वर्गणी घेतली होती, त्यातले किती उरले?" कोणालाच सांगता आले नाही. कागद पुढच्या शनिवारी फलकावर लागला.